गरम पाण्याचं बारसं

आमच्या न्हाणीघराच्या दारात एक संगमरवरी पाटी आहे. पाचशे वर्षांपूर्वी बोर्बाला नावाची राणी इथे शिकारीला आली, तिचा लंगडा घोडा चिखलात उतरला आणि बरा होऊन बाहेर आला, म्हणून या गावाचं नाव बोर्बालाफ्युर्द्यो, म्हणजे बोर्बालाची न्हाणी, असं तिच्यावर तीन भाषांत कोरलेलं आहे. पाटी नगरपालिकेने लावली आहे, पाहुण्यांसाठी. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पाहुण्याला राणी लागते. पण आमच्या गावात राणी कधी आली नाही. आली असती तर बसली कुठे असती? गावाचं जुनं नावच सिकहाझा, म्हणजे खारपडीचं घर. विहिरीचं पाणी मचूळ, गवत खुरटं, उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी साय धरायची. त्या जमिनीतून मेंढरं आणि कॅमोमाइलची फुलं, एवढंच निघायचं.

बोर्बाला माझी भाची आहे. साठी कधीच ओलांडलेली बाई, न्हाणीघराच्या फाटकाबाहेर गाडी लावून लांगोश तळते. कणकेच्या त्या फुगलेल्या पोळीवर लसूण आणि आंबट साय घालून देताना ती गिऱ्हाइकाला तिखट बोलते, तरी रांग तिच्याकडेच असते. गावाला नाव तिचं आहे.

माझे वडील गाश्पार गावाचे मेंढपाळ होते. सगळ्यांची मेंढरं सहकारी संस्थेत जमा झाली तेव्हा सहाशेचा कळप झाला, आणि तोही वडिलांकडेच आला. मेंढपाळाला घर संस्थेचं. आमच्याकडे मेंढपाळाचं वर्ष एप्रिलच्या शेवटी, संत जॉर्जच्या दिवशी सुरू होतं. त्या सकाळी त्याने काठी खांद्यावर टाकून कळपाच्या पुढे मोठ्या रस्त्याने चालत जायचं, थेट बांधापलीकडच्या कुरणापर्यंत. मध्ये थांबायचं नाही, काठी टेकायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. सारं गाव कुंपणाशी उभं राहून बघतं. काठी टेकली की कळप दुसऱ्याचा, आणि कळपाबरोबर घरही दुसऱ्याचं.

त्या हिवाळ्यात वडिलांचे खुबे धरले. आधी नुसते दुखायचे, मग पाय उचलेनात, नाताळाला तर आम्ही त्यांना खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर ठेवत होतो. आई नव्हती. मला लष्कराचं बोलावणं आलेलं होतं, वसंतात जायचं होतं. बहीण विल्मा गरोदर, आणि तिचा नवरा उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणीत. घर गेलं तर ती बाळाला घेऊन कुठे जाणार, हा प्रश्न आमच्या घरात रोज जेवायला बसायचा, पण कुणी त्याच्याशी बोलत नसे.

त्याच हिवाळ्यात गावाबाहेर तेल शोधणारी सरकारी टोळी आली. लोखंडी मनोरा उभा केला, महिनाभर जमीन पोखरली. तेल लागलं नाही. एका सकाळी पाइपातून तपकिरी, उकळतं पाणी उसळलं आणि मनोऱ्यावरून खाली पडू लागलं. टोळीचा मुकादम बाकोन्यी हा खाणवाल्यांच्या वस्तीतला माणूस, रुंद, कमी बोलणारा, लग्न न झालेला. त्याने टोपी काढली, पाण्याची चव घेतली आणि थुंकला.

"पाणी," तो म्हणाला. एखादा 'मुलगी झाली' म्हणतो तसं.

गावाने मात्र आनंद केला. डुकरं मारायचे दिवस होते, आणि मारलेलं डुक्कर भादरायला उकळतं पाणी लागतं. लाकडं महाग, आणि इथे पाणी फुकट उकळून येतंय. दोन दिवसांत निम्म्या गावाने आपली डुकरं तिथे नेली. केस चटाचट निघाले. सॉसेज भरली, हॅम धुरात टांगली, आणि मग पहिला घास घेतल्यावर कळलं की सगळ्या मांसाला रॉकेलचा वास येतोय. टाकून कोण देणार? वर्षभर आम्ही तेच खाल्लं. शेजारच्या गावचे लोक जत्रेत विचारायचे, "काय रे सिकहाझावाल्यांनो, सॉसेजला वात लावून देता का?"

आमचं डुक्कर मारलं त्या दिवशी वडिलांनाही गाडीत घालून तिकडे नेलं होतं, कारण सुरा कुठे घालायचा हे त्यांच्याशिवाय कुणी सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. बर्फ पडत होतं. त्यांचे पाय गारठले म्हणून मी त्यांना पाणी वाहून जात होतं त्या चरावर नेऊन बसवलं, पाइपापासून लांब, जिथे पाणी सोसण्याइतकं निवलेलं होतं. पाय पाण्यात, अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट, डोक्यावर काळी लोकरी टोपी. डुक्कर कापून होईपर्यंत ते तिथेच. मग कुणीतरी पालिंकाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूची, बाटली फिरवली आणि त्यांना वगळलं.

"ए, इकडे," वडील म्हणाले, आणि बाटलीसाठी उठून उभे राहिले.

क्षणभरच. मग मी धरलं. पण उभे राहिले होते हे सगळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून मी त्यांना रोज चरावर नेऊ लागलो. पहिल्या आठवड्यात खुबे सुटले नाहीत, पण झोप लागू लागली. पुढे ते माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत येऊ लागले. आणखी लोक यायला लागले. बायका लुगड्यासारखी चादर गुंडाळून, पुरुष आतल्या कपड्यांत, डोक्यावर टोप्या तशाच. पाण्यात बसून पत्ते खेळायचे. बाकोन्यीच्या टोळीतली पोरं हसायची. बाकोन्यी हसत नसे.

फेब्रुवारी संपता संपता तो चरापाशी आला आणि वडिलांच्या समोर उकिडवा बसला.

"काका, हुकूम आलाय. तेल नाही, तर पाइपात सिमेंट ओतून बुजवून टाकायचं आणि पुढच्या जागी जायचं. सिमेंट आलंय. येत्या शुक्रवारी."

"मला संत जॉर्जपर्यंत लागेल हे पाणी," वडील म्हणाले.

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय. माझं काम भोक पाडायचं आणि बुजवायचं. पाणी वाटायचं नाही." तो उठला आणि गेला. वाईट माणूस नव्हता. बरीच वर्षं हुकमावर जगलेला होता, एवढंच.

बुधवारी पहाटे विल्माला मुलगी झाली. सुईण होती फ्रोझिनामावशी. या मावशीने निम्म्या गावाला जगात आणलं होतं, आणि त्या हक्काने ती सगळ्यांना एकेरी बोलायची, पाद्रीसुद्धा त्यातून सुटला नव्हता. बाळाला पुसून विल्माच्या कुशीत दिलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "अंब्रुश, चांगला कोट घाल. धर्मबाप बघायला जायचंय."

"धर्मबाप ठरलाय की. विल्माचा दीर."

"तो नंतर कधीतरी. तू कोट घाल."

आमच्यात बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला धर्मबाप लागतो, आणि तो पुढे त्या घराचा व्याह्यासारखा होतो. मरेपर्यंत त्याने त्या घराचं वाईट करायचं नाही, घराने त्याचं. आणि कुणी धर्मबाप व्हायला बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. वैऱ्याने बोलावलं तरी जावं लागतं. नाही म्हटलं तर ते बाळाच्या तोंडावर दार लावल्यासारखं.

बाकोन्यी मनोऱ्याजवळच्या आपल्या चाकांवरच्या राहत्या डब्यात दाढी करत होता. फ्रोझिनामावशी दारातच उभी राहिली, हात पोटावर जोडून, चर्चमध्ये उभी राहते तशी, आणि रीतीप्रमाणे बोलली. देवाने घरात एक जीव पाठवलाय, त्याला हात धरायला माणूस हवाय, गाश्पारच्या घराने तुमचं नाव घेतलंय. बुजवायच्या त्या विहिरीबद्दल एक शब्द नाही.

बाकोन्यीने वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण. "मी?"

"तूच. आरसा आहे ना समोर, बघ."

"मावशी, मी पक्षाचा माणूस आहे. चर्चमध्ये पाऊल टाकलं तर पुढच्या महिन्यात फावडं हातात येईल."

"तुला चर्चमध्ये कोण बोलावतंय? पाद्रीचे गुडघे सुजलेत, तो रोज तुझ्या चरात येऊन बसतो. बाळ तिथे आणू. पाद्री आंघोळ करत होता, बाळ पण ओलं झालं. यात पक्षाचं काय गेलं?"

त्याने गालावरचा साबण पुसला. मग विचारलं, "मुलगी की मुलगा?"

"मुलगी."

"नाव?"

"ते धर्मबाप ठरवतो. तुमच्याकडे कोण ठरवतं, मुकादम?"

"बोर्बाला," तो लगेच म्हणाला. खाणीत उतरणाऱ्यांचा आणि जमीन पोखरणाऱ्यांचा सांभाळ करणारी संत बोर्बाला. पक्षाचा असो की नसो, त्याच्या धंद्यातल्या माणसाच्या ओठावर तेच नाव असतं. "आईचंही हेच होतं," तो हळूच म्हणाला.

शनिवारी बारसं झालं. शुक्रवारी बुजवायचं काम बाकोन्यीने सोमवारवर ढकललं. धर्ममुलीच्या बारशाच्या आदल्या दिवशी कुणी सिमेंट कालवत नाही. पाद्री पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चरात उभा, गळ्यात विधीचा लांब कापडी पट्टा. पाणी त्याने ओंजळीने घेतलं, फुंकून निववलं आणि बाळाच्या टाळूवर सोडलं. बाळाला रॉकेलचा वास आला असावा, शिंकलं. बाकोन्यीने तिला असं धरलं होतं की जणू स्फोटकांची पेटी आहे. फ्रोझिनामावशी म्हणाली, "श्वास घे रे. तिला जड नाही तुझा श्वास."

आता दुसरी रीत आली. बाळंतीण सहा आठवडे खाटेवर असते आणि धर्मबापाच्या घरून तिला जेवण जातं: कोंबडीचं सूप, शेवया, गोड पाव. हे धर्मबापाच्या बायकोचं काम. बाकोन्यीला बायको कुठली? रविवारी दुपारी आमच्या अंगणात सहा दांडगे, काळ्या नखांचे कामगार उभे, मध्ये बाकोन्यी, हातात झाकलेलं पातेलं. सूप तळाला लागलेलं आणि खारट होतं, शेवया मुलाच्या करंगळीएवढ्या जाड. विल्माने सगळं संपवलं. खाटेवरूनच म्हणाली, "धर्मबाबा, इथे मीठ जमिनीतूनच येतं, पुढच्या वेळी वेगळं घालू नका." कामगार हसले. त्या दिवशी पहिल्यांदा बाकोन्यीही हसला.

तो जायला निघाला तेव्हा फ्रोझिनामावशीने त्याला दारात अडवलं.

"सिमेंट सोमवारी का?"

"हो, मावशी."

"बरं. पण एक सांगते, नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही. बाळंतीण उठेपर्यंत धर्मबाप कुठलं तोंड बंद करत नाही. पिंपाला बूच ठोकत नाही, विहिरीवर झाकण घालत नाही. बाईचं दूध आटतं."

बाकोन्यी तिच्याकडे बघत राहिला. "आमच्याकडे अशी रीत नाही."

"तुमच्याकडे कोळसा असतो, मेंढरं नसतात. दूध काय असतं ते तुम्हाला काय कळणार?"

"हे सगळं थोतांड आहे, मावशी."

"आहे ना. मग ओत सिमेंट. काय होतं ते बघू."

मी तिथेच उभा होतो. अशी रीत मी कधी ऐकली नव्हती, वडिलांनीही नव्हती, पण मी तोंड उघडलं नाही. बाकोन्यीने पातेलं काखेत मारलं, विल्माच्या खिडकीकडे पाहिलं आणि चालू लागला. सोमवारी सिमेंट ओतलं गेलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. त्याने वर कळवलं की पाइपातल्या पाण्याचा दाब अजून उतरलेला नाही, थांबणं सुरक्षित आहे. दर रविवारी सूप येत राहिलं, आणि खरं सांगायचं तर सुधारत गेलं.

त्या सहा आठवड्यांत पाण्याची बातमी पसरली. आधी शेजारच्या गावांतून गाड्या आल्या, मग तालुक्याच्या गावाहून बस भरून. लोक चराच्या काठी पेंढा पसरून राहू लागले. आमच्या गावातल्या बायका त्यांना पाव आणि रॉकेलची सॉसेजं विकू लागल्या. आजारी माणसाला वाटायचं वास औषधाचा आहे. वडील आता एकटे चालत होते. रस्ता सपाट असला आणि घाई नसली, तर अंगणापासून चर्चपर्यंत. पण बांधापर्यंतचं अंतर चर्चच्या तिप्पट होतं.

सहा आठवडे भरले. विल्मा उठली, डोक्याला रुमाल बांधून चर्चला जाऊन आली. त्या रविवारी बाकोन्यी शेवटचं सूप घेऊन आला आणि जेवण झाल्यावर अंगणात फ्रोझिनामावशीच्या शेजारी बाकावर बसला.

"मावशी, रीत संपली," तो म्हणाला.

"संपली. आता तू मोकळा."

"अशी रीत कुठे नाहीच."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुला कोणी सांगितलं?"

"माझी आई वस्तीत तीस वर्षं सुईण होती. दाराखाली काय ठेवायचं, पाळण्यावर काय बांधायचं, सगळं मला पाठ आहे. बूच आणि दूध, हे तू उभ्या उभ्या रचलंस."

"मग गप्प का बसलास, मेल्या?"

बाकोन्यीने हातातली टोपी फिरवली. "आजवर इतकी भोकं पाडली मी या देशात. सगळी बुजवली. बुजवून झालं की लोक म्हणतात, गेली एकदाची ब्याद. भोक पाडल्यावर कुणी माझ्या हातात मूल दिलं नव्हतं." मग तो म्हणाला, "पण आता माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. गोण्या चराच्या वाफेशेजारी ठेवल्या होत्या, त्यांचे दगड झालेत. वरून माणूस येतोय नवं सिमेंट घेऊन. माझ्यासमोर ओतून घेणार आहे."

"कधी?"

"संत जॉर्जच्या दिवशी."

वडील आतल्या खाटेवर होते. त्यांनी ऐकलं. त्या आठवड्यात ते दिवसातून दोनदा चरावर गेले.

संत जॉर्जच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. सारं गाव कुंपणांशी, आणि गावाबरोबर ते बाहेरगावचे पेंढ्यावरचे लोकही, काही अंगावर ओल्या चादरी गुंडाळून. संस्थेचा अध्यक्ष खुर्ची टाकून बसलेला. वडिलांनी काठी खांद्यावर टाकली. मी कळपाच्या मागे, कुत्र्यांबरोबर. म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं नाही. फ्रोझिनामावशी रस्त्याच्या कडेला होती, तिने संध्याकाळी सांगितलं आणि पुढे वीस वर्षं सांगत राहिली.

कळप चर्चच्या पुढे गेला आणि समोरून मोटार आली, मागे सिमेंटचा ट्रक. रस्ता एकच. वरून आलेल्या साहेबाने काच खाली केली. "अहो बाबा, बाजूला घ्या. थांबा जरा."

वडील थांबले नाहीत. मोटारीकडे पाहिलंही नाही. सरळ तिच्या अंगावर चालत आले आणि कडेने पुढे गेले. त्यांच्यामागून सहाशे मेंढरं मोटारीच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागली, ट्रकच्या दोन्ही बाजूंनी. साहेबाला दारही उघडता येईना. बाकोन्यी मेंढरांतून वाट काढत खिडकीपाशी गेला.

"हा बहिरा आहे का?" साहेबाने विचारलं.

"नाही, कॉम्रेड. आज त्याला थांबायची परवानगी नाही. नाताळाला हा माणूस खाटेवरून उचलून ठेवावा लागायचा. त्याला उचलून चरावर आणताना मी पाहिलंय."

"आणि विहीर? उघडी आहे म्हणे सहा आठवडे."

"माझ्या धर्ममुलीची आई बाळंतीण होती. मी बुजवली नाही. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

साहेब मेंढरांकडे बघत होता, मग कुंपणापलीकडच्या चादरीतल्या लोकांकडे. त्यातली एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाळा, सिमेंट आणलंस का? बरं झालं. तिथे बसायला नीट जागाच नाही." आजूबाजूचे लोक म्हणू लागले, हो, कट्टा हवा, पायऱ्या हव्यात. म्हातारीला खरंच तसं वाटलं होतं, की मावशीने तिला पढवलं होतं, हे मावशीने मरेपर्यंत सांगितलं नाही.

"मला दोनच गोष्टी लिहिता येतात," साहेब शेवटी म्हणाला. "बुजवली, नाहीतर वापरात आहे. वापरात म्हणजे कशाच्या?"

"न्हाणी," बाकोन्यी म्हणाला.

"न्हाणीला नाव लागतं. नंबर नाही चालत."

"बोर्बाला. बारसं झालेलं आहे."

मेंढरं संपत आली होती. शेवटची लंगडी मेंढी मोटारीच्या पुढे थांबून साहेबाकडे बघत होती, तिला मी काठीने पुढे हाकललं. मोटारीच्या आत काय चाललंय मला माहीत नव्हतं. माझं लक्ष पुढे होतं, धुळीत, त्या काळ्या टोपीवर.

गावाचं शेवटचं घर गेलं. पोपलरची रांग गेली. वडिलांची पावलं लहान झाली होती, पण काठी खांद्यावरच होती. बांध चढताना ते एकदा डावीकडे कलले. मग टोपी बांधावर दिसली, मग बांधापलीकडे गेली.

मी धावत पोहोचलो तेव्हा ते कुरणात उभे होते, मेंढरं त्यांच्या भोवती पांगून चरायला लागली होती.

"पोहोचलो का?" त्यांनी विचारलं. बांध ओलांडल्यावर बोलायला परवानगी आहे.

"पोहोचलो, बाबा."

"कुणी दिसतंय का मागून?"

मी बांधावर चढून गावाकडे पाहिलं. लोक अजून कुंपणांशी होते. मोटार जागच्या जागी उभी होती आणि ट्रक मोठ्या रस्त्यावरून वळून, हळूहळू, चराच्या दिशेने निघाला होता. त्याच्यापुढे बायका चादरी सावरत चालत होत्या आणि कामगारांना हात करून जागा दाखवत होत्या: कट्टा इथे, पायऱ्या तिथे.

"नाही," मी म्हणालो. "इकडे कुणी येत नाहीये."

"मग आता मला धर," वडील म्हणाले.